दारावरची चेटकीण

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी इथे, दक्षिण गोलार्धात, घड्याळं एक तास पुढे सरकतात आणि संध्याकाळ ताणून धरल्यासारखी लांब होते. सात वाजायला आले तरी समोरच्या इमारतीच्या काचांवर ऊन असतं. महिना संपत येतो तसे वेस्टमीड स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरची जॅकरांडाची झाडं फुलून जांभळी होत जातात. मॅगपाय पक्षी पिल्लांच्या काळजीने वेडे होऊन सायकलवाल्यांच्या डोक्यावर झेपा घालतात. आणि सुपरमार्केटच्या दारात, आंब्यांच्या पहिल्या खोक्यांशेजारी, प्लास्टिकचे सांगाडे उभे राहतात.

हॅलोवीन हा मुळात थंडीत शिरणाऱ्या मुलखांचा सण. पानगळ, धुकं, लवकर पडणारा अंधार, असं सगळं त्याला लागतं. इथे तो ऐन वसंतात येतो. दुपारी चारला सनस्क्रीन फासलेली भुतं घराबाहेर पडतात, गालावर रंगवलेलं रक्त घामाने ओघळत असतं आणि दारोदार मिळालेली चॉकलेटं पिशवीतच वितळतात. कोणाला कोणाची भीती वाटत नाही. इतक्या उजेडात भीती वाटून घ्यायला फार जवळचं माणूस लागतं.

मला हा महिना आवडत नाही. सहा वर्षांपूर्वी आवडायचा. तेव्हा माझी मुलगी इरा पाच वर्षांची होती, शाळेचं तिचं पहिलं वर्ष होतं, आणि माझी आई ठाण्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती.

आईला मीच बोलावलं होतं, हे आधी सांगायला हवं. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, माझा नवरा निखिल ट्रेनने सिटीत ऑफिसला जातो, आणि शाळा तीन वाजता सुटते. आई जुलैत आली, थंडीत, दोन स्वेटर एकावर एक घालून. आठ दिवसांत तिने शाळेचा रस्ता पाठ केला. तीन आठवड्यांत इरा टीव्ही न लावता जेवायला लागली. महिन्याभरात तिच्या तोंडात मराठी वाक्यं आली, आणि तीही आईच्या वळणाची. आईने काही चुकीचं केलं असतं तर मला सोयीचं झालं असतं. पण तिला सगळं येत होतं.

मी सहाला घरी यायचे. इरा दाराकडे एकदा बघायची आणि परत आजीच्या मांडीवर सरकायची. खेळताना पडली की हाक आजीला. झोप आली की आजी. एका रविवारी आमच्याकडे मित्रमंडळी जेवायला होती. आईने पोळ्या वाढता वाढता सगळ्यांना हसत सांगितलं, आमच्या इराला आई लागतच नाही, आजी असली की झालं. सगळे हसले. मीही हसले. मग आत जाऊन फ्रिजचं दार उघडून उभी राहिले, आतलं काहीही नको असताना.

त्या आठवड्यात मी ठरवलं की मला आईला न येणारं काहीतरी हवं. दिवाळीचा उपयोग नव्हता. आकाशकंदील, रांगोळी, करंज्यांची मुरड, या सगळ्यात ती मला बसल्या जागी हरवली असती. हॅलोवीन मात्र तिने नावानेसुद्धा ऐकला नव्हता. मी टू डॉलर शॉपमधून काळे-नारिंगी कागद आणले, आत बुबुळं फिरणारे चिकटवायचे डोळे आणले, गरम गोंदाची ग्लू गन आणली. टॉयलेट रोलच्या पुठ्ठ्याच्या नळ्या आणि अंड्यांचे रिकामे ट्रे साठवायला लागले. शनिवारी सकाळी डायनिंग टेबलवर वर्तमानपत्रं अंथरली आणि इराला म्हटलं, ये, आपण दोघी भुतं करू.

लहान मुलांबरोबर भुतं करणं सोपं असतं. पुठ्ठ्याच्या नळीला टिश्यूची पट्टी गुंडाळली, दोन डोळे चिकटवले की ममी. अंड्याच्या ट्रेचे तीन खळगे सलग कापून काळे रंगवले, की मधला वटवाघळाचं अंग आणि बाजूचे दोन पंख. मुलाचा तळवा, अंगठा सोडून, काळ्या रंगात बुडवून कागदावर एकदा इकडून आणि एकदा तिकडून उमटवला की आठ पायांचा कोळी. कापसाच्या गोळ्यावर पांढरा रुमाल टाकून मानेशी दोरा बांधला की भूत. मी आदल्या दिवशी सगळं मोबाइलवर बघून ठेवलं होतं. 

इराच्या पहिल्या ममीची पट्टी सैल होती. मी ती सोडली आणि घट्ट गुंडाळून दिली. इराने बघितलं आणि दुसरी नळी माझ्यासमोर नुसतीच ठेवली.

हे मी कोणाकडून शिकले ते मला पक्कं ठाऊक आहे. सहावीत शाळेत रुमालावर भरतकाम करायचं होतं. मी आठ दिवस बसून साखळी टाक्याचं एक फूल काढलं. आईने ते उजेडात धरून बघितलं, कात्री घेतली आणि माझ्यासमोर टाका टाका उसवून टाकलं. मग स्वतः भरलं, अर्ध्या तासात. ती लोकांचे ब्लाउज शिवून घर चालवायची, वाकडा टाका तिला डोळ्यात खुपायचा. बाईंनी तो रुमाल वर्गात सगळ्यांना दाखवला. मी उभी राहून टाळ्या ऐकल्या. घरी आल्यावर आई म्हणाली, तुझ्या हातात कलाच नाही, पण अभ्यास चांगला आहे, तेवढा कर.

तर त्या शनिवारी आई स्वयंपाकघरातून आमच्याकडे बघत होती. थोड्या वेळाने हात पुसत आली आणि टेबलाच्या कडेला बसली. हा कसला सण, तिने विचारलं. मी म्हटलं, भुतांचा. तिने वटवाघूळ हातात घेऊन उलटसुलट बघितलं, माझं रुमालाचं भूत बघितलं आणि म्हणाली, हे लोळतंय, उभं राहायला हवं. मग उठून गेली.

दुपारी तिने तांदळाची खळ केली. आपल्या एका जुन्या मलमलच्या परकराचे चौकोन कापले, खळीत बुडवले, पिळले आणि पालथ्या पेल्यांवर टाकून बाल्कनीत उन्हात ठेवले. रविवारी सकाळी तिने एकेक पेला अलगद काढून घेतला. पाच भुतं स्वतःच्या पायांवर उभी होती, आतून पोकळ, खालची झालर वाऱ्याने थरथरणारी. इरा जमिनीवर पालथी पडून त्यांच्या आत बघत राहिली. नंतर आईने काळ्या रिळाच्या दोऱ्याने खिडकीच्या कोपऱ्यात कोळ्याचं जाळं विणलं, इतकं बारीक की निखिलने खरं समजून झाडू आणला. माझ्या ममी टेबलाच्या टोकाला एका बाजूला कलून पडल्या होत्या.

पुढचे पंधरा दिवस मी काय केलं ते सांगते.

पहिलं, मी इराला एक नियम घालून दिला. क्राफ्ट करताना इंग्लिशच बोलायचं, कारण हा इंग्लिश सण आहे. इराला तो खेळ वाटला. आई टेबलाशी येऊन बसायची आणि आमच्या तोंडांकडे बघत राहायची. एकदा तिने विचारलं, काय म्हणाली गं ती? मी म्हटलं, काही नाही. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा इरानेच सांगितलं, "आजी, यू कान्ट टॉक हिअर." मी इराला रागावले नाही. आई उठून वाटाणे सोलायला गेली.

दुसरं, बुधवारी कचऱ्याची गाडी यायची त्या सकाळी मी पाचपैकी तीन भुतं लाल झाकणाच्या बिनमध्ये टाकली. त्यांना मुंग्या लागल्या होत्या, असं मी सांगितलं. दोन मुंग्या होत्याही. इरा रडली. आईने फक्त एवढंच म्हटलं की उन्हात ठेवली असती तर गेल्या असत्या.

तिसरं, चेटकीण.

हॅलोवीनच्या दोन दिवस आधी मला सुट्टी होती. दुपारी आई पार्कात गेली होती. तिथे बाकांवर आपल्याकडचे आजी-आजोबा जमतात, मोडक्या हिंदीत एकमेकांना मुलांच्या नोकऱ्या सांगतात. तेवढ्या वेळात मी आणि इराने दारावर लावायला मोठी चेटकीण करायला घेतली. फ्रिजएवढ्या खोक्याचा पुठ्ठा होता. इराने त्रिकोणी टोपी रंगवली. मी चेहऱ्याचा आकार कापला. मग इराने विचारलं, नाक कसं करायचं. मी म्हटलं, लांब, थोडं पुढे वाकलेलं, आजीसारखं. इरा खुदकन हसली. मग केस. केस आजीसारखे, पांढरे, मागे अंबाडा. आईच्या विणकामाच्या पिशवीतली पांढरी लोकर आम्ही आणली. तिचा जुना तुटका चष्मा खणात पडलेला होता, तो मी पुठ्ठ्याला भोकं पाडून बसवला. इराने निळ्या रंगाने साडीचा पदर काढला. तिला वाटलं आपण आजीला सरप्राइज देतोय.

आईच्या नाकाशेजारी, उजव्या गालावर, एक चामखीळ आहे. इराच्या ते लक्षात नव्हतं. मी मसाल्याच्या डब्यातून एक काळी मिरी आणली आणि ग्लू गनने जागेवर चिकटवली. ती मी माझ्या हाताने चिकटवली.

तेव्हा मला आत्याचं बोलणं आठवलं नाही, असं म्हणणं सोपं आहे. आठवलं होतं. मिरी बोटाखाली धरून गोंद सुकायची वाट बघत होते तेव्हाच आठवलं.

मी आठ वर्षांची असताना बाबा गेले. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात मशीनशी उभे असताना कोसळले ते उठलेच नाहीत. तेराव्याला घर माणसांनी भरलेलं होतं. मी खाटेवर बसून जिलबी खात होते, कारण कोणीतरी ती माझ्या हातात दिली होती. आई पाण्याचे तांबे घेऊन आतून आली, तेव्हा आत्या, बाबांची मोठी बहीण, सगळ्यांसमोर म्हणाली, "चेटकीण आहे ही. माझ्या भावाला खाल्लं हिने." कोणीतरी पाणी मागितलं आणि आईने त्यांना पाणी दिलं. पुढे वर्षभर चाळीतल्या बायका हळदीकुंकवाचं आमंत्रण देत फिरताना आमच्या दाराशी आल्या की आवाज खाली आणून शेजारणीला सांगायच्या आणि निघून जायच्या. मुलं मला विचारायची, तुझी आई खरंच तशी आहे का?

हे सगळं माहीत असलेली मी एकटीच होते त्या घरात. निखिलला मी कधी सांगितलं नव्हतं.

आई साडेपाचला आली. जिन्यात तिची पावलं ऐकू आली, मग थांबली. किल्ली कुलपात फिरायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ दारापलीकडे शांतता होती. इरा धावत गेली आणि दार उघडून ओरडली, "इट्स यू, आजी. मम्मा डिड द वॉर्ट."

आईने चपला काढल्या, कडेला नीट लावल्या. "वॉर्ट म्हणजे काय?" तिने इराला विचारलं.

इराने स्वतःच्या नाकाशेजारी बोट ठेवून दाखवलं.

आई म्हणाली, अच्छा. आणि चहा टाकायला गेली. माझ्याकडे तिने बघितलं नाही. मला वाटलं होतं ती चिडेल किंवा रडेल, मग मी म्हणेन की अगं, गंमत आहे, मुलांचा खेळ आहे, तू प्रत्येक गोष्ट मनाला लावून घेतेस. ती वाक्यं माझ्याकडे तयार होती. ती वापरायची वेळच तिने येऊ दिली नाही.

संध्याकाळी निखिल घरी आला, दार बघून हसला आणि मग हसायचा थांबला. आत येऊन मला हळूच म्हणाला, काढून टाक ते. मी म्हटलं, इराने केलंय, तिला वाईट वाटेल.

हॅलोवीनच्या दिवशी आई दुपारीच तयार झाली. निळी साडी, अंबाडा, डोळ्यांवर चष्मा. चॉकलेटांची परडी घेतली आणि दार उघडं टाकून चौकटीत, चेटकिणीच्या अगदी शेजारी, खुर्ची न घेता उभी राहिली. मी म्हटलं, तू बस आत, मी देते मुलांना. ती म्हणाली, असू दे, मला हौस आहे.

आमच्या ब्लॉकमध्ये तीन मजले आणि भरपूर मुलं. चारपासून रांग लागली. छोटे ड्रॅक्युला, पऱ्या, एक डायनासोर. प्रत्येकाच्या मागे आई किंवा बाप. मुलं परडीकडे बघायची, मोठी माणसं दाराकडे. आधी पुठ्ठ्याकडे, मग आईकडे, मग परत पुठ्ठ्याकडे. आई मान किंचित वळवायची, उजवा गाल दिसेल अशी. तिला इंग्लिश येत नव्हतं, पण तिला नेमकं काय करायचंय ते कळत होतं. वरच्या मजल्यावरच्या बाईने मला विचारलं, किती छान, ही तुझी आई आहे का, हिच्यावरूनच केलंय का? मी हो म्हटलं. पहिल्या मजल्यावरच्या जोडप्याने विचारलं. मी हो म्हटलं. दोन तास मी तिच्या मागे उभी राहून हो म्हणत होते, आणि ती प्रत्येक मुलाच्या हातात दोन दोन चॉकलेटं ठेवत होती. एका छोट्या मुलीने तिला विचारलं, आर यू अ रिअल विच? आई वाकली आणि हसून म्हणाली, "येस."

हा एकच इंग्लिश शब्द तिला नीट येत होता.

सात वाजले तेव्हा उजेड होताच. निखिल इराला घेऊन समोरच्या ब्लॉकमध्ये गेला होता. आईने रिकामी परडी ओट्यावर ठेवली. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं की दमली असशील. ती नळाखाली हात धूत राहिली आणि माझ्याकडे पाठ करूनच बोलली.

"वन्संनी तोंडाने म्हटलं होतं. तू कात्री घेऊन, बसून, केलंस."

मी म्हटलं, आई, तसं नव्हतं मनात.

"तेच होतं मनात. मीच वाढवलंय तुला, मला कळतं." तिने नळ बंद केला. "तुझे बाबा गेले त्या दिवशी सकाळी माझं आणि त्यांचं भांडण झालं होतं. मी त्यांना म्हटलं, नाही आलात घरी तरी चालेल. घरात आपण तिघंच होतो. ते वन्संना कोणी सांगितलं असेल?"

मी ओट्यावरची परडी उचलून परत तिथेच ठेवली.

"तू सांगितलंस. माझ्या आठ वर्षांच्या पोरीने. म्हणून त्या मला चेटकीण म्हणाल्या. तीस वर्षं मी तुला हे बोलले नाही."

ती आत गेली आणि इराच्या खोलीतल्या आपल्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपली. मी दार उघडलं, पुठ्ठा ओढून काढला. टेप इतकी घट्ट होती की दाराचा रंग पापुद्र्यासारखा निघाला. भाड्याचं घर होतं. आम्ही ते सोडेपर्यंत त्या दारावर डोक्याच्या उंचीवर एक पांढरट चट्टा होता.

आईने परतीचं तिकीट बदलून घ्यायला निखिलला सांगितलं, मला नाही. दिवाळी झाल्यावर दोन दिवसांनी ती गेली, मुदतीच्या दोन महिने आधी. जाण्यापूर्वी तिने सहा महिन्यांचं मेतकूट करून ठेवलं, इराचे फ्रॉक लांब करून ठेवले. एअरपोर्टवर इराला जवळ घेऊन म्हणाली, तुझ्या आईला आता सगळं येतं, आजीचं काही काम राहिलं नाही. इरा गळा काढून रडली. मला वाटलं, आता ही माझ्याकडे येईल. ती निखिलच्या खांद्यावर गेली.

त्यानंतर मी इराबरोबर पुन्हा कधी क्राफ्ट केलं नाही. एकदा कागद आणले होते. तिने विचारलं, आजी कधी येणार? मी म्हटलं, माहीत नाही. मग ती खेळायला गेली आणि ते कागद खणात राहिले.

आई पुन्हा आली नाही. आधी गुडघे होते, मग विमानाची भीती होती, मग मी विचारणं सोडलं. मी दोनदा ठाण्याला जाऊन आले. तिने माझ्या आवडीचं सगळं केलं, ताट वाढून समोर बसली, आणि आम्ही पाहुण्यांसारखं बोललो. दर रविवारी फोन असतो. तुझं बीपी, माझी शिफ्ट, तिकडचा उकाडा, इकडचा पाऊस.

आणि या सहा वर्षांत मी एकच गोष्ट शोधत राहिले. मी सांगितलं होतं का? आत्या आता नाही, विचारायला कोणी नाही. सुरुवातीला मला काही आठवत नव्हतं. ते भांडणसुद्धा आठवत नव्हतं. लॅबमध्ये नमुन्यांवर लेबलं लावताना मी मनाने चाळीतल्या त्या घरात परत परत जायचे, दार, खाट, मोरी, खुंटीवरचा बाबांचा शर्ट. हळूहळू एक दृश्य तयार झालं. आत्या माझी वेणी घालतेय. तेलाचा वास. केस ओढले जातायत. आणि मी, तिला बरं वाटावं म्हणून, किंवा वेणी सैल घालावी म्हणून, सांगतेय की आई बाबांना असं असं म्हणाली. दर वर्षी त्या दृश्यात एक नवी गोष्ट यायची. रिबिनीचा रंग आला. आत्याचा हात मध्येच थांबलेला आला. दोन वर्षांपूर्वी तर तिने माझ्या हातावर ठेवलेली लिमलेटची गोळीही आली. मी ते स्वीकारलं. मी अशीच मुलगी असणार, असं मला वाटलं. आणि चेटकिणीच्या गालावर मिरी चिकटवणारी बाई त्याच मुलीची झाली असणार, यात काही आश्चर्य वाटलं नाही.

या ऑक्टोबरमध्ये आमच्या नव्या घराच्या शेजारी लहान मुलं असलेलं एक कुटुंब राहायला आलंय. परवा त्यांच्या कुंपणावर टॉयलेट रोलच्या ममी ओळीने उभ्या केलेल्या दिसल्या, पट्ट्या सुटलेल्या, डोळे वेडेवाकडे. मी आणि इरा गाडीतून उतरत होतो. इरा आता अकरा वर्षांची आहे, माझ्या खांद्याला लागते आणि कामापुरतं बोलते. तिने त्या ममींकडे बघितलं आणि म्हणाली, "आय रिमेंबर द विच."

मला वाटलं होतं ती विसरली असेल. पाच वर्षांच्या मुलाला किती लक्षात राहणार.

ती म्हणाली की मी तिला सांगितलं होतं, नाक आजीसारखं कर. आणि मिरी लावल्यावर मी तिला म्हणाले होते, हे मी केलं असं आजीला सांगू नकोस. "यू सेड डोन्ट टेल. बट आय टोल्ड हर." मग दप्तर खांद्याला लावून ती घरात गेली.

सांगू नकोस असं मी म्हणाले होते, हे मला आठवत नाही. पण ती खोटं बोलत नव्हती, हे तिच्या चालण्यावरून कळत होतं.

काल रविवार होता. आईला फोन लावला. बीपीचं झालं, पावसाचं झालं. मग मी विचारलं. सहा वर्षं जे तोंडात होतं ते एका दमात बाहेर पडलं. आत्याला मी खरंच सांगितलं होतं का?

पलीकडे कुकर शिट्टीवर आला होता. तिने गॅस बारीक केला असावा, कारण आवाज खाली गेला.

"नाही," आई म्हणाली. "वन्सं स्वतःच होत्या त्या सकाळी. आदल्या दिवशी राहायला आल्या होत्या, आतल्या खोलीत झोपल्या होत्या. त्यांनी आपल्या कानांनी ऐकलं. तू तर शाळेत होतीस. सकाळची शाळा होती तुझी."

तेलाचा वास, रिबीन, हातावरची गोळी, सगळं माझ्याभोवती होतं तसंच उभं राहिलं. मी विचारलं, मग तेव्हा तसं का म्हणालीस?

"तुला लागावं म्हणून म्हणाले. लागलं ना?"

"लागलं."

"मग झालं," आई म्हणाली, आणि विचारलं, इरा आहे का जवळ, दे तिला.

मी फोन इराला दिला. ती तो घेऊन आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळाने आतून दोघींच्या हसण्याचा आवाज यायला लागला.